घडीतला चेहरा

कोलशेत, ठाणे
६ जुलै २०२५

प्रिय शेवंतीआत्या,

नमस्कार, पाया पडणं वगैरे सगळं पोचलं असं समज.

तुझं पाकीट मिळालं. पण आत्या, मी एक बस मागितलेली! तू दोन पाठवल्यास, त्याही नाकाला नाक लावून, आता धडकणार अशा. कुत्रं दोन, खिडकी दोन, आणि आजीसुद्धा दोन? अगं, एकटी आजी अख्ख्या चाळीला पुरून उरायची, दोन मी कुठे ठेवू?

तू विचारलेलंस की मी नक्की करते काय. सांगते. भरदिवसा जाड पडदे लावून घरात काळोख करते. टेबलावर काच, काचेखाली दिवा, काचेवर बटर पेपर, आणि त्यावर तू कातरलेल्या काळ्या आकृत्या. वर स्टँडला कॅमेरा. बस केसभर सरकवायची, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा फोटो पळवले की बस चालते. दिवसभर राबले तर जेमतेम मानपाड्याच्या नाक्यापर्यंत पोचते. पडद्यापलीकडे खाडी असते, अलीकडे ही उजेडाची काच. दुपारी कधीतरी मला कळेनासं होतं की मी काचेच्या वर आहे की खाली.

सिनेमा चार मिनिटांचाच आहे. चाळीच्या खिडकीत गज धरून एक मुलगी. सकाळी कंपनीची बस तिच्या आईला घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. बास. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. मला तिचं एवढंच आठवतं, आणि त्यातही बसच जास्त.

आता मला आई हवीय. सावलीच्या चित्रात डोळे नसतात, ओठ नसतात, नुसती कड असते. कपाळ, नाक, हनुवटी, तेही बाजूने. आपल्याकडे तिचा एकच फोटो, लग्नातला, तोही समोरून, दोन्हीकडे मुंडावळ्या. गावाला फोन करून तुझ्या भावाला, दादांना, विचारलं, आई बाजूने कशी दिसायची? म्हणाले, "चांगली होती दिसायला." झालं! बाजूने तिला सगळ्यात जास्त तूच बघितलंयस. कंपनीत तुम्ही शेजारी, बसमध्येही शेजारी.

डिसेंबरात ठाण्यात एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचाय, पण ते सोड. मला तिचा चेहरा एकदा बघायचाय गं. एका बाजूने का होईना.

एकच पाठव. दोन नकोत.

तुझी,
मेघना


मानपाडा, डोंबिवली
१४ जुलै २०२५

चि. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

आधी एक सांगते, फोन करत जाऊ नकोस. माझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. तू काय बोलतेस ते त्या यंत्राला कळत असेल, मला नाही. मोबाइलवर लिहायला गेले तर बोट एका अक्षरावर आणि उमटतं भलतंच. पत्र बरं. पाकिटातून कातरकामही येतं आणि चार शब्दही.

दोन का म्हणून काय विचारतेस? जन्म गेला माझा गणपतीची मखरं कातरण्यात. अर्धा मोर कातरायचा, घडी उलगडली की दोन्ही बाजूंना मोर. घडी घातल्याशिवाय माझी कात्रीच चालत नाही. एकेरी कागद हातात घेतला की चपला विसरून बाजारात आल्यासारखं वाटतं. दोन निघतात त्या निघतात, एक तू ठेवून दे.

तू कोलशेतला राहायला गेलीस तेव्हा मी काही बोलले नव्हते. आमची कंपनी तिथेच होती. खोकी भरायचं लांबच लांब टेबल, मागे खाडी, आणि माझ्या डाव्या हाताला लक्ष्मी. आता सगळे टॉवर झालेत म्हणतात. कुणी सांगावं, तुझा ओटा आहे तिथेच आम्ही डबा खात असू. ती माझी मैत्रीण आधी, वहिनी मागाहून. तुझ्या बापाला ती दाखवली मीच. तो आता म्हणत असेल की मीच शोधली.

लक्ष्मीचं बघते. सध्या मखरांची कामं अंगावर आहेत. थर्माकोल बंद झाल्यापासून लोकांना कागद आठवलाय, एक ना धड भाराभर चिंध्या झाल्यात. सोबत वडाचं झाड आणि बसचा थांबा आहे. दोन-दोन आहेत, सांभाळून घे.

आत्या


कोलशेत
२२ जुलै २०२५

आत्या,

बस सुटली! वडाखालून वळली तेव्हा मी काळोखात एकटीच टाळ्या वाजवल्या. तुझ्या वडाच्या पारंब्यांमध्ये तू जे बारीक बारीक उजेड सोडलेयस ना, बस मागून गेली की ते लुकलुकतात. हे मी केलेलंच नाही, तुझ्या कात्रीने केलंय.

पण थांब्यावर कोणी नाही. बस येते, थांबते, जाते. खिडकीतली मुलगी बघत राहते. काल मी उगाच तोच तुकडा लावून बसले. रिकामी बस येतेय, जातेय, येतेय, जातेय. मग बटाटे करपले.

गणपती होईपर्यंत थांबते. पण नुसतं नाक तरी पाठव ना?

मेघना


मानपाडा
३ ऑगस्ट २०२५

चि. मेघनास आशीर्वाद.

काळा कागद संपलाय. दुकानात मिळतो तो पापडासारखा पातळ. कात्रीची धार गेलीय आणि धारवाला गल्लीत फिरकायला तयार नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तोवर रिक्षा पाठवतेय, कंपनीच्या गेटचा माणूसही आहे.

पोटभर जेवत जा. बटाटे करपवू नकोस.

आत्या


कोलशेत
११ सप्टेंबर २०२५

आत्या,

गणपतीला तुझ्याकडे आलेले, तेव्हा बोलायचंच होतं. पण मी आईचा विषय काढला की तू ताटात मोदक टाकायचीस. मोजले नाहीत, पण ब्लाउज घट्ट झाला इतके खाल्ले. उत्तर एकाही मोदकात नव्हतं.

आणि कागद संपलाय म्हणालेलीस ना? तुझ्या कपाटावर काळ्या कागदाची अख्खी गुंडाळी बघितली मी. कात्रीला धार होती, मखरातल्या मोराची पिसं बघून आंधळ्यालाही कळलं असतं.

मग मी दादांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, तुझं आणि आईचं शेवटच्या वर्षी भांडण झालेलं, बोलणं बंद होतं. ते खरं असेल तर सरळ सांग. इतक्या वर्षांनी अजून राग आहे तुला? ती माझी आई होती गं. तुझ्याशिवाय कोणाकडे मागू?

मेघना


मानपाडा
१८ सप्टेंबर २०२५

चि. मेघना,

तुझं पत्र वाचलं आणि तुझ्या बापाचा पहिल्यांदा राग आला, मग हसू आलं.

भांडण झालं होतं, खरं आहे. कात्रीवरून. कागदाची कात्री कोणी जाड कापडाला लावली की तिचा खिळा ढिला होतो आणि कागदाची कड दातरते. लक्ष्मीने माझी कात्री न विचारता घेतली आणि जुनी गोधडी कापून तुला छोटं पांघरूण केलं. मी तोंड सोडलं. तिनेही सोडलं. मग अबोला. पण कसला अबोला गं तो! शेजारी बसून! ती खोकं सरकवायची, मी झाकण लावायची. बसमध्ये तीच सीट. एक दिवस तिने मुकाट्याने डब्यातला सुका जवळा माझ्या झाकणात घातला, मी खाल्ला, मिटलं. तुझ्या बापाला भांडण कळलं, मिटलेलं कळलंच नाही. पुरुषांचं हे असं.

कागद होता, धारही होती. खोटं बोलले. खरं कारण ऐक.

मला भीती वाटते.

तिचा चेहरा माझ्याकडे आहे, पण पुसट झालाय. दुपारी जरा आडवी झाले की कधी येतो, पाण्याखालून दिसावा तसा. नीट बघायला गेलं की हलतो. आणि कातरणाऱ्या माणसाला एक खोड असते, एकदा कातरलं की डोळ्याला तेच खरं वाटू लागतं. माझा पहिला मोर आखूड मानेचा झाला होता. आज खरा मोर बघितला तरी मला वाटतं, याची मान जरा जास्तच झालीय. उद्या लक्ष्मीचं नाक केसभर चुकलं तर तेच नाक डोळ्यांत बसेल, आणि जे काही उरलंय ते पुसून जाईल. तुला एक परकी बाई मिळेल आणि माझ्याकडची लक्ष्मीही जाईल.

ती गेली तेव्हा मी रडले, पण तेव्हा ती मला लख्ख दिसत होती. आता दिसत नाही याचंच जास्त रडू येतं. म्हणून देत नव्हते. रागाव हवं तर.

आत्या


कोलशेत
२६ सप्टेंबर २०२५

आत्या,

नाही रागावले. पत्र उशाशी ठेवलंय. मी उगाच काय काय बोलले, सॉरी.

चेहरा नको. तुझ्याकडचा आहे तो तुझ्याकडे राहू दे, अजिबात हात लावू नकोस त्याला.

मला तिची चाल दे. हे काम करता करता मला एक कळलंय. सावली ओळखू येते ती चालीवरून. गेटचा माणूस कातरलायस ना तू, त्याला नाकच धड नाही, तरी तो पोट पुढे काढून उभा राहिला की कळतं, हा वॉचमन. आई चालायची कशी? पिशवी कुठे धरायची? बस दिसली की काय करायची? तोंड वाटलं तर झाकून टाक.

मेघना


मानपाडा
५ ऑक्टोबर २०२५

चि. मेघनास आशीर्वाद.

चाल बसून आठवत नाही. मग उभी राहिले आणि घरात तिच्यासारखं चालून बघितलं. पिशवी कोपरात अडकवून, पाऊल जरा बाहेर टाकत, घाईघाईने. शेजारची सखुबाई दारातून म्हणाली, "शेवंतीबाई, गुडघा धरलाय का?" म्हटलं, नाही, माझी वहिनी अंगात आलीय. ती जी गेली ती अजून आली नाही.

चालता चालता सगळं पायांनी सांगितलं बघ. बस यायची दिसेना की लक्ष्मी टाचा उचलून रस्त्याच्या टोकाला बघायची. ती माझ्याहून उंच, तरी टाचा हिनेच उचलायच्या. आणि कंपन्यांचा तो वास सुटला की पदराचं टोक नाकाला. मानपाड्यातही वास आणि कोलशेतलाही वास, त्यामुळे अर्धा दिवस तिचं तोंड पदराआडच असायचं. तशीच कातरली आहे, नाकाला पदर लावलेली. तोंड झाक म्हणालीस, तर तिनेच झाकून घेतलं होतं.

गुडघे, कोपर, मान वेगळी ठेवली आहेत, दोऱ्याच्या गाठीने जोड. पदर हाताला धरूनच कातरलाय, म्हणजे हात हलला की पदरही हलेल. पण हात खाली आणू नकोस. खाली मी काही कातरलेलं नाही.

दोन निघाल्या. दुसरी राखीव ठेव.

आत्या


कोलशेत
१५ ऑक्टोबर २०२५

आत्या गं,

ती चालली! तिने टाचा उचलल्या तेव्हा मी कॅमेऱ्याचं बटण सोडून नुसती बघत बसले. मला काहीच आठवत नव्हतं, तरी वाटलं, हो, हीच.

आता गंमत ऐक. सिनेमाच्या पोस्टरसाठी मी छाप काढत होते. पत्र्यावर काळी शाई फिरवायची, त्यावर तुझी राखीव लक्ष्मी ठेवायची, वर पांढरा कागद, आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. कागद उचलला की काळ्यात पांढरी आकृती. छापात सगळं उलटं येतं हे मला चांगलं माहितीय, शाळेपासून करतेय. तरी कागद उचलला आणि थांबलेच. तुझी लक्ष्मी थांब्याकडे जाणारी होती ना? छापात ती घरी येत होती.

मग मी काचेवरची आई अलगद उचलली आणि पालथी ठेवली. काळ्या कागदाला पाठ नसते आत्या! सकाळी जाते तीच संध्याकाळी येते. खिडकीतली मुलगी गजांतून हात बाहेर काढते. शेवटी मी आईचा हात अगदी थोडा खाली आणलाय, पदर सुटतोय न सुटतोय एवढाच, आणि तिथे काळोख केलाय. तू सांगितलेलं मोडलं नाही, फक्त जरा वाकवलं.

भाऊबीज झाली की ये. एक नोव्हेंबर, शनिवार, सकाळी. भिंतीवर मोठं करून दाखवते. खाडी तीच आहे, तीही बघशील.

मेघना


कोलशेत
३ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुझा फोन बंद. सखुबाईंना लावला तर म्हणाल्या, आतून कडी लावून बसलीय, हाका मारल्या तर "नंतर या" म्हणून ओरडली. म्हणजे बरी आहेस एवढं कळलं. म्हणून धावत न येता लिहितेय.

माझं चुकलं. तू नको म्हणालेलीस तरी मी हात हलवला. शनिवारी भिंतीवर काळोख झाला, मी चहा टाकायला उठले, आणि वळून बघते तर तू पिशवी घेऊन दारात. डोळ्यांवर हात. मी "आत्या, आत्या" करत लिफ्टपर्यंत आले, तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तुला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं मला.

तो शेवटचा तुकडा काढून टाकते. हवं तर सिनेमाच राहू दे. फक्त एवढं सांग, तुझ्याकडची ती अजून आहे ना? माझ्यामुळे गेली तर नाही?

मेघना


मानपाडा
६ नोव्हेंबर २०२५

चि. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

वेडे, काही काढून टाकू नकोस. आधी हे वाच.

तुझ्या भिंतीवर बस आली. लक्ष्मी उतरली, कोपरात पिशवी, नाकाला पदर. खिडकीत तू गज धरून. तिचा हात हलला, पदर सुटायला लागला आणि तू काळोख केलास. तुझा काळोख झाला गं, माझा झालाच नाही. हात खाली येतच राहिला. मी म्हणाले होते ना, खाली काही नाही? होतं. कपाळ आलं, मग नाक, मग वरचा ओठ, मग ती हट्टी हनुवटी. पाण्याखालून नाही, उन्हात बघावं तसं.

तेव्हा मी थांबले असते तर तू साखर किती विचारलं असतंस. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं असतं आणि तुझं तोंड तिच्या तोंडात मिसळलं असतं. म्हणून डोळ्यांवर हात. लिफ्टमध्ये हात. रिक्षावाल्याला मानपाडा म्हटलं, कानातलं यंत्र काढून पिशवीत टाकलं आणि डोळे मिटले ते मिटलेच. तो बिचारा घाबरला. उतरताना यंत्र लावलं तेव्हा कळलं, शिळफाट्यापासून विचारतोय, आजी, चक्कर येते का, दवाखान्यात नेऊ का? म्हटलं, बाबा, भरलेली कळशी आहे डोक्यावर, हलवू नकोस. त्याची खात्रीच पटली असेल.

कोलशेतची खाडी काही बघितली नाही. पुढच्या खेपेला.

घरी आले, कडी लावली, कात्री घेतली. तीच, जिच्यावरून आम्ही भांडलो. धार लावून लावून बारीक झालीय, पण खिळा मी तेव्हाच घट्ट करून घेतला होता. एका दमात कातरलं. आणि उलगडून बघते तर काय? सवयीने घडी घातली होती मेलीने! दोन निघाल्या. समोरासमोर, नाकाला नाक लावून. मी बघतच बसले. आम्ही दोघी जन्मभर शेजारी बसलो गं, टेबलाला शेजारी, बसमध्ये शेजारी. समोरासमोर कधी बसलोच नाही.

नंतरचे दिवस कडी लावून त्यांच्यासमोर बसून होते. डोळ्यांत चुकीचं तर बसत नाहीये ना, ते बघत होते. सखुबाईला ओरडले ते त्यापायी. तिला शिरा नेऊन दिला, ती निवळली.

तू विचारशील, हीच कशावरून? माझी कल्पना नाही कशावरून? मीही स्वतःला तेच विचारलं. तर ऐक. तिच्याकडे बघता बघता मला त्या कात्रीचा राग आला. तीस वर्षांपूर्वीचा, तस्साच, ताजा. मोठ्याने म्हणाले, "न विचारता माझी कात्री गोधडीला लावतेस?" आणि ती नाक उडवून उभी, नेहमीसारखी. परक्या बाईवर कोणी असं चिडतं का? मग मात्र पोटभर रडून घेतलं.

तू एकच मागितली होतीस. यावेळी एकच पाठवतेय. दुसरी माझी आहे, मागायची नाही.

नाकाच्या शेंड्याशी जरासा उंचवटा दिसेल. तो कात्री घसरून झालेला नाही, तिचाच आहे. कापू नकोस. सिनेमातल्या आईला हा चेहरा जोड, गाठ बारीक मार.

आणि हात आता खुशाल खाली आण.

तुझी
शेवंतीआत्या